तिसऱ्या गिअरमधला सा

"कारण सांग."

तिला कुणी काही करू नको म्हटलं की हातातलं काम न थांबवता ती एवढंच म्हणायची. आवाज चढवायची नाही. तुम्ही कारण सांगू लागलात की तुमच्या ओठांकडे टक लावून बघत राहायची, आणि तुमचं संपलं की म्हणायची, "ही तर भीती झाली. कारण असेल तर सांग." तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच. आमच्या स्नेहलतागंजात ती होती, आणि मी तिच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी लागली म्हणून इंदूरला आलो. सामान वर चढवत होतो तेव्हाच तिने खालून विचारलं, "कंपनीत काय करतोस रे भिया?"

"क्वालिटीत आहे."

"म्हणजे दुसऱ्यांच्या गलत्या काढायचा पगार मिळतो. माझं पण तेच काम आहे."

तेव्हापासून मी तिचा इन्स्पेक्टर झालो. ती गाणं शिकवायची. साठीची, एकटी राहणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. आजोबा संस्थानाच्या काळात नोकरीसाठी इकडे आले आणि घराणं इथलंच होऊन गेलं. गल्लीतले सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून संध्याकाळी क्लास चालायचा. मुलींच्या चुका ती इतक्या तत्परतेने पकडायची की वर चहा पिताना माझाही हात थबकायचा.

मग तिचे कान जाऊ लागले.

आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची बेल. डॉक्टरांनी सांगितलं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी जातं आणि ते हळूहळू खाली उतरत येतं. तिने कानाचं यंत्र लावून पाहिलं. "बोलणं कळतं," ती म्हणाली, "पण सा प्लास्टिकचा येतो." आठवड्याभरात यंत्र डबीत गेलं. तानपुऱ्याच्या वरच्या तारा तिच्यासाठी मुक्या झाल्या, आणि शेवटी तर ती म्हणायला लागली की तानपुरा नुसतं लाकूड झालाय.

छत्रीबागेतून एक मुलगी शिकायला यायची, कॉलेजातली, हुशार आणि फटकळ. एका संध्याकाळी ती गायली आणि ताई "वा" म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "ताई, माझा तो निषाद खोटा लागला होता." दुसऱ्या दिवशी ताईने सगळ्या मुलींच्या घरी सांगून टाकलं की क्लास बंद. "ज्याला ऐकू येत नाही त्याने सूर शिकवू नये." मी समजूत घालायला गेलो. तिने मला सरबत दिलं आणि घालवून दिलं. सतरंजी गुंडाळून कपाटामागे उभी राहिली. त्या खोलीत मग संध्याकाळी दिवाही लागेना, आणि मला जिना चढताना फार वाईट वाटायचं.

समोर एक दातांचे डॉक्टर राहायचे. हौसेने त्यांनी कधीतरी दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. इतकी खुजी की गुडघे दुखायला लागल्यावर त्यांना तिच्यात बसता येईना आणि बसले तर उठता येईना. बॅटरी उतरू नये म्हणून ते दर रविवारी ती नुसती चालू करून ठेवायचे. अशाच एका रविवारी ताई घरातल्या सपातांनी रस्ता ओलांडून गेली, गाडीच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाली, "बंद नका करू. ऐकू येतंय मला."

वरचं सगळं गेलेलं असलं तरी तळाचा, खर्जातला आवाज तिच्यापर्यंत अजून पोचत होता. मात्र तो मोठा असायला हवा होता. ह्या गाडीचा होता. महिन्याभरात ताईने विकत घेतलेली ती गाडी आमच्या पोर्चमध्ये आली.

पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "आत्या, ह्या वयात स्पोर्ट्स कार?" तिने फोनला काय विचारलं ते मी सांगायला नको. ती गाडीत बसायची ती पाहण्यासारखी गोष्ट होती. आधी पदर आत टाकायचा, मग बैठक, मग एकेक पाय हाताने उचलून. एकदा बसली की मात्र गाडी अशी काढायची की भाजीवाला हातगाडी सोडून बाजूला व्हायचा.

पण काचा वर करून पाहिलं तर आत आवाज पुरेना. गाडी महागाची, कंपनीने तिचा आवाज आतल्यांना त्रास होऊ नये म्हणून दाबून ठेवलेला.

"हिचा गळा बांधलाय," ताई म्हणाली. "सोडायला पाहिजे."

"ताई, सायलेन्सर बदलणं कायद्यात बसत नाही. पोलीस पकडतात."

तिने विचार केला. "हे कारण आहे," ती म्हणाली. "चांगलं कारण आहे. पण आधी मी करून बघते."

पुढचे कित्येक रविवार माझे त्या पोर्चमध्ये गेले. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवायची, तिच्याखाली क्लासची तीच सतरंजी अंथरायची आणि ताईने भाच्याची जुनी ट्रॅक पँट घालून आत सरकायचं. बाहेर फक्त पाय दिसायचे आणि हुकूम ऐकू यायचे. कोपऱ्यावरच्या ग्रिल बनवणाऱ्याकडून ती वेल्डिंग शिकून आली. मशीन भाड्याने आणलं, कंपनीचा सायलेन्सर काढून बाजूला ठेवला आणि स्वतःचा बनवायला घेतला. तिची पहिली वेल्डिंग सांडगे घातल्यासारखी दिसत होती आणि मी ती नापास केली. "पास करायला कोण बोलवलंय तुला?" ती म्हणाली. "टॉर्च धर."

आता तिची जी चूक झाली ती गाणाऱ्या बाईच्या हातूनच होऊ शकते. तानपुरा जुळवताना तारेखाली बारीक दोरा सरकवतात, आवाज मोकळा होईपर्यंत. त्याला जवारी लावणं म्हणतात. ताईने आपल्या सायलेन्सरच्या पोटातली, आवाज दाबणारी काचेची लोकर तशीच थोडी काढ, थोडी घाल, पुन्हा काढ असं करत सूर जुळवायला घेतला. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, आणि मी मागे धुरात उकिडवा बसून फोनमधल्या सूर मोजायच्या ॲपवर नजर ठेवून. शेवटी एका रविवारी काटा बरोबर मध्यावर थांबला. ताईने गाडीला हळदीकुंकू वाहिलं आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी तिने वेग वाढवला आणि सूर सरळ वर पळाला.

तिने गाडी बाजूला घेतली. तानपुऱ्यासारखी उभी करून जुळवलेली गाडी चालायला लागली की एका सुरावर राहणार नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिचं एक वेळ ठीक, मी तर रोज गाड्यांचेच भाग तपासत होतो. मला हसू आवरेना.

"हसून घे, इन्स्पेक्टर," ती म्हणाली. "म्हणजे हिला चालता चालता जुळवायला पाहिजे. बस्, इतकंच नं."

आवाज मात्र मोकळा झाला होता, आणि तो तिच्याइतकाच गल्लीलाही ऐकू येत होता. रहिवाशांच्या समितीचे अध्यक्ष दोन माणसं बरोबर घेऊन आले. "ताईजी, बुरा मत मानना, पर ये आवाज़ आपकी उमर को शोभा नहीं देती."

"कौनसी उमर को देती है, बताइए."

त्यांनी बरोबरच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बच्चों की परीक्षा चल रही है."

"ये बात है. पहले बोलते," ताई म्हणाली, आणि परीक्षा संपेपर्यंत तिने गाडीला हात लावला नाही. संपली त्या दुपारी तिने गाडी काढली आणि अध्यक्षांच्या दारावरून हात हलवत गेली.

कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ वाहतूक पोलिसांनी तिला अडवलं. मी शेजारी बसलेला. आवाज मोजायचं यंत्र घेऊन एक तरुण अधिकारी आला, आत वाकून बघितलं आणि नरमला. "माताजी, किसके लड़के की गाड़ी है?"

"मेरी है. आवाज़ भी मेरी है. मापो."

त्याने मोजलं. तिने यंत्र हातात घेऊन आकडा स्वतः वाचला, मर्यादा किती ते विचारलं आणि दंड भरला. सायलेन्सर जप्त झाला. वाद तिने घातला नाही, त्याचं कारण खरं होतं. पण असे जप्त केलेले सायलेन्सर मैदानात ओळीने मांडून रोलरखाली चिरडतात, हे कळल्यावर ती म्हणाली, "आपण जायचं." मी अर्धी रजा टाकली. बुलेटवाल्या पोरांच्या गर्दीत पहिल्या रांगेत छत्री घेऊन ती उभी राहिली. एकाने विचारलं, "माँजी, आपका कौनसा?" "वो बीचवाला. जिसकी वेल्डिंग सबसे मोटी है." रोलर तिच्या पाइपवरून गेला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती जत्रेतल्यासारखी मान डोलावत होती.

घरी आल्यावर मात्र पायरीवर बसली ती उठेना. मी पाणी आणून दिलं. पेला तसाच हातात राहिला.

"डॉक्टर म्हणाले खालचं पण जाईल," ती म्हणाली. "लवकरच. त्याच्याआधी मला एकदा माझा सा बरोबर लावून बघायचा आहे. लागला की नाही ते मला कळलं पाहिजे, दुसऱ्याने सांगून नाही. इतकंच पाहिजे रे. लोकांना त्रास द्यायला नाही चढवली तिला घोड्यांवर."

मी म्हटलं रविवारी सकाळी पोहे माझ्याकडे, मग लागू कामाला.

त्या रविवारी आम्ही कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवत होतो. हा सायलेन्सर गाडीच्या पोटाला रबराच्या कड्यांनी टांगलेला असतो. त्यातलं एक कडं कुजलेलं निघालं. दुकानं बंद. ताईला धीर कुठला? तिने ग्रिलची एक लोखंडी पट्टी उचलली, वाकवली आणि पाइप सरळ गाडीच्या अंगालाच नटबोल्टने आवळून टाकला. मी म्हटलं हे चालत नाही, रबर त्यासाठीच असतं, पाइपची थरथर आत येऊ नये म्हणून. तिने ऐकलं नाही, दोन्ही अर्थांनी.

बायपासला लागलो. तिसरा गिअर, वेग साठच्या आसपास. आणि एकाएकी अख्खी गाडी आतून घुमायला लागली. सीट, दार, पायाखालचा पत्रा, सगळं. माझे दात कडकडले.

"ताई, हा दोष आहे," मी तिच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो. "आमच्याकडे गाडी अशी घुमली तर सगळा माल परत येतो."

"तुमच्या कंपनीला सांग, मला तो माल पाहिजे," ती म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "पाठीतून येतोय. कानातून पण येतोय. इन्स्पेक्टर, हा बघ इथे आहे."

मी मान बाहेर काढून ऐकलं, तर बाहेरून गाडी गरीब गायीसारखी चालली होती. जे काही होतं ते सगळं आत होतं.

मग पुन्हा रविवार. आता काम उलटं झालं. मी आयुष्यभर जो दोष शोधून काढत आलो तो आम्ही मुद्दाम घालत होतो. राहिलेली रबरं काढून सगळीकडे पट्ट्या लावल्या. पट्टी जरा पुढे घेतली की घुमणं दुसऱ्याच वेगाला यायचं, मागे घेतली की अंगावर यायचं. प्रत्येक वेळी आवळायचं, बायपासला जायचं, परत येऊन सैल करायचं. शेजारचे म्हणाले ताईचं डोकं फिरलंय. मी म्हटलं, माझंही फिरलंय, तुम्ही आपला चहा प्या.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिने मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये साठवर गाडी स्थिर केली आणि तोंड उघडलं. वर्षभर न गायलेला आवाज होता, घोगरा, थोडा डगमगणारा. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण गाडीचा आवाज आणि तिचा आवाज एकमेकांना घासत होते ते मलाही ऐकू येत होतं, अंगावर काटा आणणारी एक थरथर होती त्यात. ती जरा वर सरकली. थरथर मंदावली. अजून किंचित सरकली आणि थरथर गेली. दोन आवाज होते तिथे एकच उरला, गाडी गातेय की ताई, मला सांगता येईना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, इच्छा पुरी झाली. पुढच्या आठवड्यात तिने छत्रीबागेच्या मुलीला निरोप धाडला की क्लास सुरू होतोय. गाडीत. दोनच सीट, तेव्हा एका वेळी एक मुलगी.

"मला ऐकू येत नाही," तिने प्रत्येकीला गाडीत बसवून सांगितलं. "तुला येतं. गाडीत मिळून गेलीस की बोट वर कर. नाही मिळालीस तर करू नको. माझ्याशी खोटं बोललीस तर उतरवून देईन, मग रिक्षाने घरी ये." एकीचं खोटं चेहऱ्यावरच दिसलं, तिला खरंच उतरवलं, चहाच्या टपरीपाशी, आणि पुढे जाऊन वळसा घेऊन परत उचलून आणलं. त्यानंतर कुणी खोटं बोट वर केलं नाही. पोर्चमध्ये आया रांगेने बसलेल्या, आणि लाल गाडी एकेकीला घेऊन जातेय, आणून सोडतेय. अध्यक्षांनी विचारलं, हा क्लास आहे की सवारी?

कृष्णपुऱ्याच्या त्याच अधिकाऱ्यासमोर तिने एकदा स्वतः जाऊन गाडी थांबवली आणि काच खाली केली. "मापो." त्याने मोजलं. आकडा नियमात होता. शेजारच्या सीटवर मुलगी तोंड उघडं ठेवून थिजलेली.

"माताजी, अंदर चल क्या रहा है?"

"रियाज," ताई म्हणाली. "आप अपना काम करो, हम अपना करते हैं."

पुढे खालचंही गेलं. एका सकाळी तिला काहीच ऐकू येईना, गाडी चालू केली तरी. मी घाबरून खाली धावलो तर ती गाडीत बसलेली. फोनवर लिहून मी विचारलं, आता? तिने ते वाचलं, पाठ सीटला टेकवली आणि म्हणाली, "पाठ कुठे गेलीय?" क्लास एकही दिवस बंद राहिला नाही. मुलींना खरं बोलायची सवय झाली होती, आणि तिला पाठीतून कळत होतं की गाडी सुरावर आली की नाही. मुलींचं मुली बघून घ्यायच्या.

ह्या हिवाळ्यात ती गेली. दोन दिवसांचा ताप आणि संपलं. मी कारखान्यात होतो. पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि पोर्चमध्ये गाडीवर कुणीतरी चादर टाकली होती. ती मी ओढून काढली. मला फार राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही.

भाच्याने तेराव्यानंतर पुढच्या खोलीत छोटी सभा ठेवली. गावातले एक नावाजलेले पेटीवाले आले होते. त्यांना ताईबद्दल आदर होता. मुलींनी तिला आवडणारं भजन म्हणायचं ठरलं होतं. सात-आठ मुली सतरंजीवर बसल्या. एकत्र बसून गायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ, कारण गाडीत प्रत्येक मुलगी एकटीच शिकली होती. पेटीवाल्यांनी सूर दिला. मुलींनी एकमेकींकडे न बघता सा लावला.

सगळ्यांचा एकच होता. आणि तो पेटीचा नव्हता.

पेटीवाल्यांनी दुसरी पट्टी दाबली. मग तिच्या शेजारची. मुलींचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध होता, जिथे पेटीत नुसती फट असते. मला एकदम कळलं तो कुठला. साठचा वेग, तिसरा गिअर, ग्रिलच्या पट्ट्यांनी आवळलेला पाइप. एवढ्या मुलींच्या गळ्यात तिने तो बसवून ठेवला होता.

"बेटा, थोड़ा नीचे आओ," पेटीवाले हळूच म्हणाले. "पेटी पे ले लो."

छत्रीबागेच्या मुलीने सा बदलला नाही. बाकीच्यांनी तो धरून ठेवला तेवढ्यात तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "नाही. आमचा हाच आहे."

पुन्हा तिने सूर लावला आणि त्यांच्यात मिसळून गेली. पेटीवाल्यांनी अजून एकदा पट्ट्यांवरून बोटं फिरवली. मग भाता मिटला, आणि हात मांडीवर ठेवून ते ऐकत बसले.